एकाच मापाची बोली

"तुझ्याकडे एक्क्यांची जोडी आहे. मी सोडते," शाल्मली खांबेटेनं पत्ते पालथे टाकले.

निनाद टिपणीस वैतागला. "मॅडम, माझे पत्ते बघता की काय?"

"बघायची गरजच नाही. हात चांगला आला की तू चिप्सचा ढीग सरकवतोस, नसला की चिमटीनं ठेवतोस. पोकर शिकायचंय ना? मग पैज एकाच मापाची लाव, पत्ते कसेही असोत."

"म्हणजे आपलं बोलीयंत्रही माझ्यासारखंच नवशिकं आहे म्हणायचं!"

निनाद गमतीनं म्हणाला, पण शाल्मली विचारात पडली. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर शेजारी-शेजारी दोन बर्फखाणी होत्या आणि विवरात उतरणारी मालगाडी दोन्ही तळांत मिळून एकच. एका तळाचं यंत्र आपल्या वाट्याच्या ऊर्जेतून बोली लावी. दुसऱ्यानं गाडी सोडायची, नाहीतर वरचढ बोली लावून घ्यायची. निकड असली की शाल्मलीचं यंत्र मोठी बोली लावी. पलीकडचं यंत्र ती निकड ओळखून गाडी अडवी आणि मग दुप्पट ऊर्जेला सोडी.

तिनं यंत्राला नवा नियम शिकवला: गरज कितीही असो, बोली सात एककांची. गरज कोणालाही कळू द्यायची नाही.

महिनाभर गाडी स्वस्तात मिळत राहिली. मग विवरातल्या चौकीत निनाद एकटा असताना तिथली हवाशुद्धी बंद पडली.

निनाद गेल्याचं कळून पलीकडच्या तळाचे प्रमुख उमाकांत राजाध्यक्ष तिला भेटायला आले, तेव्हा ती बोलीयंत्रासमोर बसली होती.

"हवा बिघडल्याचं यानं मोजलं होतं," ती म्हणाली. "निनाद बेशुद्ध झाल्याचंही कळलं होतं. त्याला वर आणायला लगेच गाडी मागितली. सात एककं."

"आमच्या यंत्रानं आठ लावली." राजाध्यक्ष म्हणाले. "आम्हाला नळ उतरवायचे होते हो, साधे नळ! पूर्वी तुमची मोठी बोली दिसली की मी स्वतः फोन करायचो, काय झालं म्हणून. त्या दिवशी विचारण्यासारखं काही दिसलंच नाही."

"मलासुद्धा यानं सांगितलं नाही. 'कोणालाही' असं मीच शिकवलं होतं."



"तो नियम मी काढून टाकलाय," शाल्मली म्हणाली.

राजाध्यक्षांनी मान खाली घातली. "आम्ही मागच्या आठवड्यात तोच घातला. तुमचा फायदा बघून वरून हुकूम आला. काढायला परवानगी मागितलीय. अजून उत्तर नाही."

तेवढ्यात पडद्यावर त्यांच्या तळाची बोली उमटली. सात.

"खाली कोण आहे तुमचं?"

"दोघं जण."

"बरे आहेत ना?"

राजाध्यक्षांनी चौकीला फोन लावला. विवरात संपर्क नेहमीच तुटका असे. नुसती खरखर ऐकू आली. "आकड्यावरून काही कळत नाही हो," ते पुटपुटले.

शाल्मलीच्या तळालाही गाडी हवी होती. यंत्र आठाची बोली लावायच्या तयारीत होतं. तिनं हात पुढे करून 'सोडली'चं बटण दाबलं.

गाडी खाली गेली आणि वर आली. दोघं धावतच फलाटावर पोचले. झाकण उघडलं. आत फक्त बर्फ होता, माणूस नव्हता.

राजाध्यक्ष भिंतीला टेकले. "वाचलो," ते म्हणाले.

शाल्मलीनं मान वर केली. फलाटावरच्या पडद्यावर त्यांची पुढची बोली आली होती. सात.