पाचवे पेव

श्रावण सरत आला होता. निवरगडाच्या माचीवर पहाटेपासून धुके असे दाटून बसले होते, की सदरेसमोरचे निशाण सदरेवरूनच दिसत नव्हते. खाली चारही वाटा अडवून बसलेल्या बादशाही फौजेचे नगारे मात्र रोजच्यासारखे स्पष्ट ऐकू येत होते. वेढ्याला चौथा महिना लागला होता. गडावरचा दाणा संपत आल्याची कुजबुज जात्याजात्यावर सुरू झाली होती आणि ती मोडून काढण्यासाठी किल्लेदार जैतोजीराव शितोळे यांनी सगळी माणसे सदरेपुढे बोलावली होती.

जैतोजीराव शूर होते, यात शंका नाही. पण त्यांना स्वतःचा आवाज तलवारीहून अधिक आवडे.

"गडकरीहो! बादशहाच्या तोफांना जो गड नमला नाही, तो अफवांना नमेल काय? आमची पाचही पेवे ज्वारीने काठोकाठ भरली आहेत. आजच त्यांची तोंडे उघडतो, तीन दिवस उघडी ठेवतो. डोळे भरून पाहा आणि त्या वैऱ्याला ओरडून सांगा, की निवरगड उपाशी नाही!"

जयजयकाराने धुके हादरले. त्या गोंगाटातून वाट काढत साळू बेलदारीण पुढे आली. जमिनीत खोदलेली ती पेवे आतून लिंपणे आणि धान्य भरल्यावर त्यांची तोंडे मातीने बंद करणे, हे तिच्या घराण्याचे काम होते.

"धनी, पाया पडते, ह्या दिसांत पेव उघडू नगा. ओल आत शिरली की दाणा तापतो, आन् आठ दिसांत समदा सडतो."

"वैऱ्याकडून किती घेतलेस गं?" कोणीतरी ओरडले आणि मंडळी खदखदून हसली. एकाने चिखलाचा गोळाही फेकला.

जैतोजीरावांनी कोठीचे कारभारी गिरमाजीपंत यांच्याकडे पाहिले. "पंत, वीस वर्षे कोठी तुमच्या हाती आहे. सांगा, काही धोका आहे काय?"

साळू म्हणाली ते अक्षर अन् अक्षर खरे होते, आणि पंतांइतके ते दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. पण किल्लेदारांची नजर रोखलेली होती, समोर आनंदाने वेडी झालेली माणसे होती, आणि त्या चिखलाने माखलेल्या बाईच्या शेजारी जाऊन उभे राहण्याचे धैर्य पंतांच्या अंगी नव्हते.

"सरकारांचा शब्द खरा. धान्यास धोका नाही," ते म्हणाले.

पेवे उघडली. लोकांनी हळदकुंकू वाहिले, लेकरांना उचलून धान्य दाखवले. शेवटच्या बुरुजापाशी असलेले पाचवे पेव सर्वांत आधी उघडले होते. तिथून गर्दी पुढे सरकताच साळूने गुपचूप त्याचे तोंड पुन्हा लिंपून टाकले.

बाकीची चार पेवे तीन दिवसांनी नुसती फळ्यांनी झाकली होती; नवव्या दिवशी त्यांतून आंबूस वाफ येऊ लागली. आतली ज्वारी काळी पडली होती, कोंब फुटून तिचे गोळे झाले होते. पाचव्या पेवाच्या तोंडावर मात्र नवी माती दिसली. पहारेकऱ्याने साळूचे नाव सांगितले आणि जैतोजीरावांना हवे होते ते मिळाले.

"हिनेच पेवांत पाणी ओतले! वैऱ्याची हस्तक! हिला कड्यावरून लोटा!"

ज्यांनी नऊ दिवसांपूर्वी जयजयकार केला होता, त्यांनीच आता तिचे दंड धरले.

"पाचवं पेव मीच लिंपलं," ती म्हणाली. "त्यातला दाणा चांगला हाय."

"मग उघडून दाखव!" जैतोजीराव गरजले.

"न्हाई. मला लोटा, पर ते उघडू नगा. तेवढंच उरलंय तुमच्या लेकरांना."

गिरमाजीपंत सदरेच्या पायऱ्या उतरले. डोक्यावरची पगडी काढून त्यांनी मातीत ठेवली आणि ते साळू आणि कडा यांच्या मधोमध उभे राहिले.

"लोटायचे असेल तर मला लोटा. त्या दिवशी हिचे बोलणे खरे होते. मला ते ठाऊक होते, आणि मी सदरेवर खोटे बोललो. किल्लेदारांच्या गैरमर्जीला आणि तुमच्या आरोळ्यांना भ्यालो. धान्य पाण्याने नाही, माझ्या जिभेने सडले. आता माझ्या शब्दाला किंमत नाही, तरी पदर पसरतो. या बाईला सोडा, आणि ते पेव कोरडे ऊन पडेपर्यंत उघडू नका."

दंड धरणारे हात एकेक करून सुटले. जैतोजीराव काही बोलण्यासाठी उठले आणि तसेच खाली बसले.

पुढचे पंधरा दिवस गडाने झाडपाला आणि कंदमुळे शिजवून खाल्ली. तीन म्हातारी माणसे आणि एक तान्हे पोर गेले. भाद्रपदात कडक ऊन पडले तेव्हा साळूने स्वतःच्या हाताने पाचवे पेव फोडले. दाणा मोत्यासारखा होता. त्याच दाण्यावर गडाने दसरा गाठला आणि दसऱ्यानंतर आठव्या दिवशी मदतीची फौज येऊन वेढा उठला.

नगारखाना वाजला. जैतोजीरावांनी सदरेवरून हात उंचावला. पण जयजयकार करायला कोणाचा आवाज फुटेना. माणसे खाली मान घालून धान्याच्या रांगेत उभी राहिली. वाटप साळूकडे होते. रांगेच्या अगदी शेवटी बोडक्या डोक्याने गिरमाजीपंत उभे होते.

तिने त्यांच्या ओंजळीत सगळ्यांइतकीच ज्वारी घातली.

"घ्या पंत. दोन येळचं हाय."

पंतांनी ती घेतली. मान मात्र त्यांना वर करता आली नाही.