चाकं नसलेली गाडी

शनिवारी दुपारी सुप्रीताअक्का बंगळूरच्या के. आर. पुरम भागातल्या गॅरेजात पोचल्या, तेव्हा त्यांची लाल गाडी चारी चाकं काढून स्टँडवर ठेवलेली होती. निवृत्तीनंतर हट्टाने ड्रायव्हिंग शिकलेल्या अक्का उद्या पहिल्यांदाच रेसच्या ट्रॅकवर उतरणार होत्या. आनंदाने सकाळपासून घास उतरत नव्हता.

"गाडी तयार आहे, चाकं तेवढी चढवायची," गॅरेजवाला गुरुदत्त म्हणाला. "ब्रेकचे पॅड नवे, ऑइल नवं. पण अक्का, वळणावर तुम्ही अजून कचरता. मधेच घाबरून ब्रेक दाबलात तर गाडी गरकन फिरेल. खात्री वाटली नाही तर उद्या मी सोडणार नाही हं."

अक्कांचा चेहरा उतरला.

"स्वल्प, जरा गाडीत बसा," तो म्हणाला. " डोळे मिटून मनातच ट्रॅक चालवा. मी चहा सांगून येतो."

अक्कांनी हेल्मेट चढवलं, डोळे मिटले. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. हळूहळू ते विरले. मग हातातलं स्टिअरिंग जड झालं... सीट पाठीला रेटू लागली. समोर वळण आलं. अक्कांनी वेळेवर ब्रेक दाबला, सोडला, गाडी अलगद वळवली. भीती कुठे पळाली कोण जाणे! त्या खदखदून हसल्या.

"अक्का... हळूच उतरा."

गुरुदत्त चहाचे ग्लास घेऊन दारातच थबकला होता. गॅरेजभर जळका वास कोंदला होता. ब्रेकच्या उघड्या डिस्क लालबुंद तापल्या होत्या.

"बॅटरी तर मी सकाळीच चार्जिंगला काढून ठेवलीय..." तो पुटपुटला.

"ते राहू दे. गुरू, मला जमलं रे!"

त्याने सगळी गाडी पुन्हा तपासली. कुठेच दोष नव्हता. शेवटी अक्कांच्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणाला, "सरी, ठीक आहे. उद्या जाऊ."

रविवारी सकाळी, होसकोटेच्या पुढच्या ट्रॅकवर अक्कांनी अशी काही गाडी पळवली की गुरुदत्त कठड्याशी उभा राहून शिट्ट्या मारत होता. पहिली खेप संपवून त्या घामाघूम, हसत खाली उतरल्या. झेंडे दाखवणारी महानंदा कौतुकाने पुढे आली. ती मूळची निपाणीची.

"कालच्यासारखीच चालवलीत की!"

"काल? काल मी कुठे आले होते?"

"दुपारी आला नव्हता का? हीच लाल गाडी. शेजारी अजून एक बाई होत्या... त्यांना वळणावर उतरवलंत, अन् तशाच गेलात." महानंदाने बोट दाखवलं. "बघा, अजून तिथंच हायत."

लांब, लख्ख उन्हात, अक्कांसारखंच हेल्मेट घातलेलं, त्यांच्याच बांध्याचं कुणीतरी आनंदाने दोन्ही हात हलवत होतं.

पुढच्या खेपेची शिट्टी झाली. तसं ते गाडीच्या दिशेने चालू लागलं.