रोल नंबर एकशे त्रेपन्नची नाडी

भुतं फक्त रात्रीच दिसतात असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा माझ्या मावसबहिणीला भेटावं.

हे तिच्यासोबत घडलंय. तिनं मला समोर बसून सांगितलंय, आणि ती तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातली नाही. उलट कुणी भुताखेताचा विषय काढला की "अक्कल गहाण टाकलीस का?" असं तोंडावर विचारणारी.

मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मेडिकल कॉलेजचा पहिला मजला, फिजिओलॉजीची प्रयोगशाळा.

बाहेर लख्ख ऊन होतं.

ताई तेव्हा फिजिओलॉजीत एम.डी. करत होती. दुसरं वर्ष. तिला व्हायचं होतं सर्जन. मार्क कमी पडले, आणि सगळ्यांनी वेचून उरलं ते हिच्या पदरात पडलं.

"धडधाकट माणसाचं हृदय कसं चालतं, हे तीन वर्षं शिकायचं," ती नाक मुरडून म्हणायची. "ते चालतंच की! त्यात शिकायचं काय डोंबल?"

पहिल्याच दिवशी तिच्या हातात एक छापील कागद पडला. अभ्यासक्रमाची उद्दिष्टं. उत्तम शिक्षक घडवणे, प्रामाणिक संशोधक घडवणे, विद्यार्थ्यांसमोर आदर्श ठेवणे. ताईनं त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"निदान टेबल तरी सरळ झालं," म्हणाली.

विभागप्रमुख सर तिच्या वरताण. शनिवारी सेमिनार असायचा. एकानं वाचायचं, चौघांनी जांभया द्यायच्या, आणि सरांनी मोबाइलवर नव्या गाड्यांचे फोटो बघायचे. शेवटी मान वर करून म्हणायचं, "छान. पुढच्या वेळी थोडक्यात."

अशानं कसले शिक्षक घडणार होते, ते तुम्हीच ठरवा.

ताईच्या प्रबंधाचा विषय सोपा होता. आडवा पडलेला माणूस उभा राहिला, किंवा त्यानं सावकाश खोल श्वास घेतला, की हृदयाची गती किती बदलते... ते साठ निरोगी विद्यार्थ्यांवर मोजायचं. एकेकाला अर्धा तास.

बावीस जण तिनं मोजले. मग कंटाळा आला.

तिनं पहिल्या वर्षाच्या पोरापोरींकडून संमतीच्या फॉर्मवर नुसत्या सह्या घेतल्या आणि आकडे मनानंच भरायला सुरुवात केली. सरांना हे माहीत होतं. त्यांचं मार्गदर्शन एवढंच... "जरा वरखाली ठेव गं. सगळे सारखे आले की परीक्षक कान टवकारतात."

त्या मंगळवारी ती असेच फॉर्म भरत बसली होती. प्रयोगशाळा रिकामी. पंखा कुरकुरत होता. कोपऱ्यातला नळ ठिबकत होता.

टप... टप... टप...

आणि नळ थांबला.

ताईनं मान वर केली. समोर एक मुलगी उभी होती. पांढरा एप्रन, बारीक चण, घट्ट बांधलेले केस. दार उघडल्याचा आवाज आला नव्हता.

"मॅडम, माझी टेस्ट राहिलीये."

"रोल नंबर?"

"एकशे त्रेपन्न."

ताईनं गठ्ठा चाळला. त्या नंबरचा फॉर्म होता. खाली सहीही होती.

"सही केलीस ना? मग झालं. जा."

"सही केली, मॅडम. तपासलं नाही कुणी."

ताईचं डोकं सणकलं. सगळी दुनिया सुटका झाली म्हणून पळते, आणि हे ध्यान स्वतःहून टेस्ट मागतंय! पण आरडाओरडा झाला असता तर शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं असतं.

"झोप तिथं," ती खेकसली.

मुलगी कॉटवर आडवी झाली. ताईनं मनगटांना, घोट्यांना जेली फासली, ईसीजीच्या क्लिपा लावल्या.

हात गार होता. फार गार. 'पंख्याखाली बसली असेल', ताईनं मनाशी म्हटलं.

मशीन चालू केलं.

एरवी ते प्रत्येक ठोक्याला टिक करतं. टिक... टिक... टिक...

आज काहीच नाही.

कागद सरकत होता. त्यावर एक रेघ उमटत होती.

सरळ.

"भिकार मशीन!" ताईनं त्याच्यावर एक चापट मारली. क्लिपा काढून परत लावल्या. वायर बदलली.

रेघ सरळच.

"नाही येत का, मॅडम?" मुलीनं छताकडे बघत विचारलं.

"हलू नकोस म्हणजे येईल."

"मी नाही हलत."

ते खरं होतं. ती जराही हलत नव्हती. ताईनं तिच्या छातीकडे पाहिलं... एप्रनची चुणीसुद्धा वर होत नव्हती.

तिनं मनगट धरलं. अंगठ्याखाली तीन बोटं टेकली, जशी ती दर आठवड्याला पोरांना शिकवायची. थोडं दाबलं. बोटं सरकवली. मग गळ्यापाशी बघितलं. मग स्टेथोस्कोप लावला.

ताईच्या कानात तिचंच रक्त घुमत होतं. पलीकडून काही नव्हतं.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? ओरडेल, पळेल.

आमच्या ताईनं काय केलं?

तिला घाम फुटला होता... आणि तिनं पेन उचललं. हे सांगताना ती स्वतःवरच थुंकल्यासारखं बोलली. "सवय गं. नाही लागली नाडी, तर लिहून टाकायची. दुसरं काही मी शिकलेच नव्हते."

तिनं फॉर्मवर लिहिलं, बहात्तर.

"किती लिहिलंत?" मुलीनं विचारलं.

"बहात्तर. नॉर्मल आहे. जा तू."

मुलीनं पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"त्यांनीपण बहात्तरच लिहिलं होतं."

कोपऱ्यातला नळ पुन्हा ठिबकायला लागला. टप...

कॉट रिकामी होती. क्लिपा चादरीवर पडल्या होत्या. त्यांना जेली लागलेली होती.

ताई कशी बाहेर आली ते तिला आठवत नाही. दाराबाहेर स्टुलावर प्रयोगशाळेचे मामा बसले होते. गेली तीस वर्षं तिथल्या किल्ल्या त्यांच्याच हातात.

"मामा, आत्ता एक मुलगी बाहेर गेली का? पहिल्या वर्षाची?"

"मी जेवण करून इथंच बसलोय. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही."

"रोल नंबर एकशे त्रेपन्न म्हणाली..."

मामांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"मॅडम, पहिल्या वर्षाला पोरं दीडशेच असतात. दोनशे होती ती तीस वर्षांमागं. मी नवीन लागलो होतो."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, पण एकेक शब्द चावून टाकल्यासारखा येत होता.

नाडी मोजायचं प्रॅक्टिकल होतं. एकशे त्रेपन्न नंबरची एक मुलगी सारखी म्हणत होती, चक्कर येतेय, छातीत कसंतरी होतंय. तिथं शिकवायला एक एम.डी. करणारे डॉक्टर होते. त्यांनी तिचं मनगट दोन सेकंद धरलं, वहीत बहात्तर लिहिलं आणि म्हणाले, नाटकं पुरे, मागं जाऊन बस. ती शेवटच्या बाकावर डोकं टेकून बसली. तास संपला, सगळे गेले.

"कुलूप लावायला मी आलो," मामा म्हणाले. "मला वाटलं, झोप लागलीये पोरीला."

"आणि ते डॉक्टर?"

"त्यांना काय व्हायचंय? मोठे झाले." मामांनी पेपर पुन्हा उचलला. "माणूस जेवढा पोकळ, तेवढी त्याची खुर्ची मोठी. इथला नियमच आहे तो."

ताई तडक सरांच्या खोलीत गेली. धापा टाकत सगळं सांगितलं. सर ऐकून हसले.

"अगं, सर्जरी मिळाली नाही म्हणून डोक्यावर परिणाम झाला का तुझ्या? एक काम कर, भुतांच्या हृदयगतीवर पेपर लिही. कुणीतरी छापेल."

तिनं फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी आकडा पाहिला. मग खालची सही पाहिली. बराच वेळ पाहिली.

हसू हळूहळू विरलं.

"हा फॉर्म काढून टाक," ते म्हणाले. "एकोणसाठ चालतील."

ताई वळली. दारापर्यंत पोहोचली, तेव्हा मागून आवाज आला. बारीक, कोरडा. सरांचा वाटतच नव्हता.

"ती... माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

ताईनं मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सगळं पहिल्यापासून मोजायला घेतलं. साठच्या साठ. एकेकाला अर्धा तास. पोरं कुरकुरली, सोबतचे डॉक्टर हसले, "हिला सुवर्णपदक पाहिजे वाटतं!" आठ महिने गेले. निष्कर्ष अगदी सामान्य निघाला. परीक्षकानं प्रबंध उघडलासुद्धा नाही. मुखपृष्ठाचा रंग छान आहे म्हणाला आणि पास करून टाकलं.

सर पुन्हा त्या प्रयोगशाळेत आले नाहीत. निवृत्त होईपर्यंत नाही. त्यांच्या निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी त्यांना आदर्श शिक्षक म्हटलं. ताई म्हणते, तिला ऐकताना ओकारी येत होती.

आता ताई दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात शिकवते. तिच्या वर्गात बोटांना नाडी लागल्याशिवाय कुणी आकडा लिहीत नाही. पोरं तिच्या पाठीमागे तिला जल्लाद म्हणतात. तिला ते आवडतं.

मी तिला विचारलं, "मग पुन्हा कधी काही...?"



"गेल्या वर्षी," ती म्हणाली. "नाडीचं प्रॅक्टिकल होतं. जोड्या लावल्या होत्या, एकमेकांची नाडी बघायची. मागून एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, मॅडम, हिची लागत नाहीये."

"मग? तू बघितलीस?"

"मी लांबूनच म्हटलं, नीट शोध, लागेल." ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. "त्या तुकडीत एकूण पंचवीस जण होते गं. पंचवीसच. बारा जोड्या लागल्या, आणि हात वर केलेली ती मुलगी एकटी उरली होती. तिला मी जोडीदार दिलाच नव्हता."