दाव्यांची भिंत

राहुरीच्या घराच्या दारावर यामिनीने स्वतःच्या नावाची पाटी लावली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जन्म सगळा भाड्याच्या खोल्यांत गेलेला. खिळा ठोकायचा तरी घरमालकाचं तोंड बघावं लागायचं. त्यामुळे स्वतःच्या भिंती मिळाल्यावर बाईंनी खिळे ठोकायचा सपाटाच लावला. ती शाळेत चित्रकला शिकवायची, आणि नाद म्हणाल तर जुन्या मॅक्रमेचा. चाळीस वर्षांपूर्वी घरोघरच्या बायका दोऱ्याच्या गाठी मारून भिंतीवरची घुबडं आणि कुंड्यांची शिंकाळी करायच्या. लोकांनी माळ्यावर टाकलेलं ते सगळं यामिनीने मागून आणलं, धुतलं आणि टांगलं. नवरा वरद नागापूरच्या कारखान्यातून घरी आला की घुबडांना नमस्कार करून आत यायचा.

राहिली होती एकच भिंत, दारासमोरची, नऊ फूट उंच. दुसऱ्या कुणी बाईने तिथे कॅलेंडर लावलं असतं आणि ती सुटली असती. यामिनीला मात्र ती रिकामी जागा झोपू देईना.

शाळेचा शिपाई कानिफनाथ घोडेगावचा. तो सहज बोलून गेला, "आमच्या गावात छबूबाईच्या गोठ्यात हाय मॅडम असलंच एक. लई मोठं."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर यामिनीने गाडी काढली ती थेट घोडेगावला. बाजाराचा दिवस, रस्त्यावर बैलांनी भरलेले टेम्पो, धूळ, आरडाओरडा. छबूबाईचं घर मात्र गावाच्या कडेला, आणि तिथे चिमणीसुद्धा बोलत नव्हती.

"आत ये," गोठ्याच्या अंधारातून आवाज आला. "मी भाईर येत न्हाई."

गोठा लांबलचक होता. बारा खुंटे एका रांगेत, आणि एकालाही जनावर नाही. तरी शेणाचा आणि ओल्या कडब्याचा वास असा ताजा होता की यामिनीने पदर नाकाला लावला. शेवटच्या खुंट्याशेजारी सत्तरीची एक बाई बसली होती आणि तिच्या डोक्यावर, भिंतीवर, ते होतं.

यामिनी जवळ गेली. पुरुषभर उंचीचं काम, जाड, काळपटलेल्या दोरांचं. गाठींची वीण इतकी घट्ट की बोट शिरणार नाही. खालच्या कडेला ओळीने बारा फास लोंबत होते. अकरा गाठ मारून बंद केलेले, बारावा उघडा.

"कुणी केलं हो, मावशी?"

"माझ्या जावंनं. राजेश्वरीनं. नगरला क्लास केल्ता तिनं." छबूबाईचे डोळे यामिनीच्या गळ्यावर होते. "दोरा आणाया घरच्यांनी पैसा दिला न्हाई. मग तिनं गोठ्यातली जनावरं बांधायची दावी घेतली."

"दावी?"

"जनावर इकलं तरी त्याचं दावं देत नसत्यात. घेणारा आपलं आनतो. आपलं दावं घरी येतं, खुंट्याला ऱ्हातं, म्हंजी दावण रिकामी पडत न्हाई." ती थांबली. "तिनं बाराची बारा गुंफली भिंतीवर. सा महिन्यात गोठा रिकामा झाला."

दुसरी कुणी असती तर इथेच चपला घालून निघाली असती. यामिनीला वाटलं, काय सुंदर गोष्ट मिळाली! तिने भीत भीत विचारलं, मला द्याल का?

छबूबाई उठली. यामिनीने स्टुलावर चढून ते ओझं खाली घेतलं, तशी म्हातारीने खालची कड उचलली आणि उघडा फास यामिनीच्या डोक्यावरून गळ्यात घातला.

"अहो..."

"वजन बघ. पेलंल का तुला?" तिने फास हाताने जरासा आवळला. दोर ओलसर होता, आणि कोमट. मग तो काढून तिने सगळं भेंडोळं यामिनीच्या हातात दिलं. "जा घेऊन."

"पण दावं देत नाहीत म्हणालात ना?"

"जनावर इकलं तर न्हाई देत." छबूबाई पहिल्यांदा हसली. "मी आज काय इकलं?"

गाडीत बसताना यामिनीने वळून पाहिलं. म्हातारी उंबऱ्यापाशी उभी होती. पाणी किती गार आहे ते अजमावावं तसा तिने एक पाय बाहेर काढला होता, आणि त्या पायाकडे ती एकटक बघत होती.

भिंत भरली. शनिवारी यामिनीने दहा फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले. वरद मात्र आल्याबरोबर शिंकला. "गोठा आणलास की काय घरात?" वास फिनेलने जाईना, उदबत्तीने जाईना. रविवारी दुपारी दोघं जेवायला बसले, तर बैठकीतून आवाज आला. कुणीतरी शांतपणे, तोंड मिटून रवंथ करत होतं. वरद उठून बघून आला. बैठकीत कुणीच नव्हतं.

त्यानंतर यामिनीला तिचं घर ओळखू येईना. विजेची बटणं चुकू लागली, चौकटीला कपाळ आपटू लागलं. ज्या घरासाठी तिने पंधरा वर्षं नवी साडी घेतली नव्हती, ते घर तिला परकं वाटत होतं आणि त्याचं तिला रडू येत होतं. सोमवारी दुपारी वरदला फोन आला, तुमच्या मिसेस रस्त्याने अनवाणी चालल्यात. तो पोहोचला तेव्हा ती दोन कोस गेली होती. उन्हाने डांबर वितळलेलं, तळव्यांना फोड. तोंड घोडेगावकडे.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तो घरी येऊन ओरडला. "त्या घाणेरड्या दोऱ्यांपायी जीव देशील! जाळून टाकतो मी आज."

"हात लावू नकोस." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली.

वरदने बैठकीत कात्री घेतली. दोर तुटेना. मग रागाच्या भरात त्याने बारावा फास मुठीत धरला आणि हिसडा मारला.

स्वयंपाकघरात तांब्या पडला. यामिनी गुडघ्यांवर आली होती, मान मागे ओढलेली, दोन्ही हात गळ्याशी. गळ्यात काहीच नव्हतं. वरदने फास सोडला तशी ती खोकत खाली कोसळली.

तिने कानिफनाथला फोन लावला. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं.

"मॅडम... गळ्यात घातलं हुतं का तुमच्या?"

"हो."

"आरारा... मला वाटलं तुमी नुसतं बघून याल." त्याचा आवाज बारीक झाला. "दावं जनावरासंगं गेलं तर जनावर इकलं असं हुत न्हाई. ते जुन्या खुंट्यालाच परत येतं. गोठा रिकामा झाला म्हनून घरच्यांनी राजेश्वरीकाकूंना त्याच दाव्यानं बांधल्यालं. शेवटच्या खुंट्याला, तीन दिस. पाणी मागत हुत्या. छबूकाकूनं दिलं न्हाई, बादली लांब सरकवली. तिथंच जीव गेला त्यांचा... आता जिनं घातलं, तिच्याच हातानं सोडवून घ्या. दुसरं काय सांगू?"

मंगळवारी सकाळी दोघं निघाली. भेंडोळं मागच्या सीटवर. यामिनीने घराला कुलूप लावलं, पाटीवरची धूळ पदराने पुसली आणि मनाशी म्हणाली, दुपारपर्यंत परत येते.

छबूबाईच्या घराला कडी लावलेली नव्हती. शेजारचा गोरक्ष बांधावर उभा होता.

"मावशी कुठे आहेत?" वरदने विचारलं.

"गेली की लेकीकडं! शुक्रवारीच, तुमची गाडी गेली आन् घटकाभरात." गोरक्षला अजून नवल वाटत होतं. "अडतीस वर्सं ह्या बाईनं उंबरा वलांडला न्हाई. नवरा मेला तवा दारातनंच रडली. म्हनायची, ती सोडत न्हाई मला. आन् त्या दिशी यष्टीत बसून हासत गेली बघा."

"लेक कुठे असते?"

"कुनाला ठावं."

यामिनीला सगळं कळलं, आणि संताप तिच्या मस्तकात गेला. आपल्या जागी बांधायला म्हातारीने तिला निवांतपणे निवडलं होतं, बाजारात दात बघून जनावर निवडावं तसं. वरद मात्र म्हणाला, "जिथलं तिथे टांगू आणि सुटू." त्याने भेंडोळं आत नेऊन जुन्या खिळ्यांवर चढवलं, हात झटकले, जाऊन गाडी सुरू केली.

यामिनीही दाराशी आली. बाहेर लख्ख ऊन होतं. तिने पाय उचलला, तो उंबऱ्याच्या अलीकडेच टेकला. पुन्हा उचलला. गळ्याभोवती काहीतरी ताठ झालं.

"यामिनी, चल ना!" वरदने हॉर्न वाजवला. मग तो उतरला, धावत आला, तिचा हात धरून ओढू लागला. तिचे डोळे पांढरे झाले तेव्हा घाबरून त्याने हात सोडला. "काय होतंय? कुणी धरलंय तुला?"

तिने मागे पाहिलं नाही. ती रडत होती. कमरेची किल्ली काढून तिने उंबऱ्यावरून त्याच्या हातात दिली.

"कुंड्यांना पाणी घाल," ती म्हणाली. "दाराची पाटी... काढू नकोस."

तिच्या मागे, शेवटच्या खुंट्यापाशी, अंधारात कुणीतरी पाण्याची बादली पायाने हळूच सरकवली. जवळ नाही, लांब.