टिमूक, लोसप, गुबेड

“बाई, ‘टिमूक’ म्हणजे काय?”

दारातल्या माणसाला मी पहिल्यांदाच पाहत होते. हातात मी दिलेला गृहपाठ, वरच्या खिशात तीन चष्मे. माझ्या वर्गातल्या सर्वांत बडबड्या मुलीचा हा मामा. चौकात चष्म्याचं दुकान आणि घरी भाचीचा अभ्यास, दोन्ही त्याच्याकडे.

“काहीच नाही,” मी म्हणाले. “अर्थ नाही, म्हणूनच दिलाय.”

“माझी भाची अख्खं पुस्तक वाचते, आणि तुम्ही तिला—”

मी भाचीला बोलावून तेच पुस्तक हातात दिलं. तिनं ते न उघडताच पहिली तीन पानं घडाघडा ‘वाचली’.

“पाठ आहे तिला. तुम्हाला मामा बनवलंय तिनं.”

“तो मी तिच्या जन्मापासून आहे…” तो हसला आणि मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी घेऊन बसला. “शिकवा मग. मलाही.”

शिकवलं. आधी अक्षराचा आवाज, मग जोडणी. टि… मू… क. “अर्थ नसला की अंदाज चालत नाही. तुमच्या दुकानातला डोळे तपासायचा तक्ता असतो ना, तसं.” त्याला लगेच पटलं.

मग रोज शाळा सुटताना तो नवे शब्द आणू लागला. लोसप. गुबेड. एक पुरला असता. तो पाच आणायचा, आणि एकेक सावकाश दाखवायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, “समोर कॉफी बरी मिळते…”

“वर्गातल्या पालकांबरोबर मी कॉफी घेत नाही.”

“आणि भाची वरच्या वर्गात गेली तर?”

“शुक्रवारी चाचणी आहे. वीसपैकी सोळा शब्द. नाही जमलं, तर आणखी वर्षभर माझ्याकडेच.”

शुक्रवारी चाचणी घ्यायला मी शेजारच्या वर्गातल्या बाईंना सांगितलं.

“का गं?”

“ती पास व्हावी असं मला जरा जास्तच वाटतंय.”

मामा आणि मी दाराबाहेर उभे राहिलो. माझ्या मोजणीत पंधरा बरोबर आले होते, आणि शब्द उरला होता एक. ती अडली. मामानं मान आत घातली. मी त्याची बाही ओढली.

“सांगू नका.”

“मी कुठं—”

“ओठ हलताहेत तुमचे!”

आतून हळूच आवाज आला. फे… ला… मग मोठ्यानं, “फेलाट!”

त्यानं श्वास सोडला. “आता मी तुमच्या वर्गाचा पालक नाही…”

तेवढ्यात दार उघडलं. “मामा, बाईंनी तुझा हात का धरलाय?”

मी खाली पाहिलं. बाही केव्हाच सुटली होती.

“तुझा मामा मला आवडतो म्हणून,” मी म्हणाले. हात सोडला नाही.