मक्त्याच्या मोटारीचा पडदा

खोटं वाटत असन तर इथंच थांबा. मले काही फरक पडत नाही.

ज्याच्या अंगावर आलं, त्यालेच माहीत.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. उन्हाळ्यातली टळटळीत दुपार होती, साल एकोणीसशे एकसष्ट, अन् रस्ता पुसदवरून महागावले जाणारा.

मी अनवरी. आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते. जफर. काहून घेते, ते तुम्हीच ठरवा.

जफर पुसदले मोटारी दुरुस्त करे. हातात कला होती त्याच्या, ते काही मी नाकारत नाही. स्वतःची मोटार असावी, एवढं एकच वेड होतं त्याले. पण घेणार कुठून?

मारोतराव म्हणून एक मोठे शेतकरी होते. त्यांची जुनी काळी मोटार बैलांच्या कोठ्यात धूळ खात पडली होती. लोकं वावर मक्त्यानं घेतात ना, तशी जफरनं ती मोटार मक्त्यानं घेतली. मोटार त्यांची, चालवाची आपण, अन् वर्षाचा मक्ता त्यांच्या हातावर ठेवाचा.

पहिला महिना नीट गेला. मग एक दिवस जफर घरी आला, अन् जेवलाच नाही.

म्हणे, "मोटारीत बदल कराचे हायेत. मागं जनाना करतो. आपल्या मोहल्ल्यातल्या बायाइले कुठं जाता येते? पडदा लावला का साऱ्या बसतीन."

मले काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, माह्या नवऱ्याले बायाइची किती कदर हाय.

येडी होती मी.

त्यानं मागची गादी काढली, सागाचा बाक ठोकला. बाक लांब झाला, म्हणून डाव्या बाजूचा दरवाजा आतून खिळे मारून बंद केला. समोरच्या सीटमागं आडवी सळई बसवली. पडदा म्या शिवला. हिरवा, जाड, दुहेरी कापडाचा.

शेवटी त्यानं डायवरच्या डोक्यावरचा आरसा काढून टाकला.

"आरसा काहून काढला जी?"

"तडकला होता."

तो आरसा म्या नंतर फळीवर पाहिला. धड होता. तडा नाही, काही नाही.

अन् मले एक समजत नव्हतं. दुसऱ्याची मोटार, तिले इतकं ठोकून-ठाकून राह्यले, मालक काही म्हणत नाही? म्या इचारलं बी. जफर म्हणे, "मारोतरावच म्हणाले, पडदा लाव म्हणून."

म्हटलं, असन भला माणूस.

मोटार चालू झाली. बाया खुश. पण एकदा गेलेली बाई दुसऱ्यांदा येत नव्हती. एक म्हणे मळमळते. एक म्हणे मागं थंडी वाजते.

थंडी! वैशाखात... पुसदले!

म्या हसण्यावारी नेलं.

मले सातवा महिना लागलता. पहिलं बाळंतपण, ते माहेरी. माही अम्मी आयशाबी महागावले राहे. जफर म्हणे, "मीच नेऊन सोडतो." अम्मीनं निरोप धाडलता, मी वाट पाहून राह्यली म्हणून. लग्नानंतर तीन वर्षांनी पोट राह्यलं होतं. या लेकराच्या वर मले दुसरं काही दिसत नव्हतं.

निघाच्या दिवशी म्या मोटारीचा मागचा दरवाजा उघडला.

आत एक बाई बसली होती...

डाव्या कोपऱ्यात, बंद दरवाज्याले टेकून. नऊवारी लुगडं, पदर तोंडापर्यंत ओढलेला, हातात हिरव्या बांगड्या.

म्या जफरले हळूच म्हटलं, "मागं कोण हाय जी?"

तो बोनट पुसत होता. वर पाहिलं नाही त्यानं.

"हाय एक सवारी. महागावचीच. तू बस, तिच्याजवळ बस."

हे ध्यानात ठेवा. हेच म्हटलं त्यानं.

मी बसली. बुरखा मागं टाकला. मोटार निघाली.

रस्ता काय होता तेव्हा! नुसती मुरमाड, अन् धूळच धूळ. घडीभरात माह्ये केस, भुवया, ओठ सारे लाल झाले. तोंडात खर्र-खर्र वाजून राह्यलं.

त्या बाईच्या लुगड्यावर मात्र धुळीचा एक कण नव्हता.

मोटार खड्ड्यात आदळे, मी उसळे. तिच्या बांगड्या वाजत नव्हत्या...

मग तिनंच इचारलं, "कितवा महिना?"

"सातवा लागला."

"कोण घेऊन चाललं?"

"माहा घरवाला. तोच चालवून राह्यला."

"मले बी घरवाल्यानंच आणलं होतं."

आवाज गोड होता तिचा, खोटं काहून बोलू. मोठ्या बहिणीसारखा. म्हटलं, "तुम्ही बाळंतपणाले दवाखान्यात गेलत्या का बाई?"

"निघालो होतो. यवतमाळले. कळा सुरू झाल्या होत्या. वाटेत जिनिंगपाशी मालकानं मोटार थांबवली. म्हणे, कापसाच्या गाड्या लागल्या हायेत, वजनाचा काटा पाहून आलोच."

"मग?"

तिनं पदर आणखी खाली ओढला.

"मग काय झालं बाई?"

"मग काही नाही. मी बसूनच हावो."

थंडी काय असते ते तेव्हा समजलं मले. बाहेर लूचं गरम वारं चालून राह्यलं होतं अन् माह्ये दात वाजून राह्यले होते.

तेवढ्यात मोटार थांबली. इंजन तापलं होतं. जफर डबा घेऊन खाली नाल्याकडे पाणी आणाले गेला.

मोटार थांबताबरोबर ती बाई थरथर कापाले लागली.

"उतरला का तो?"

"पाणी आणाले गेले."

"नाही येत मग..." तिनं माह्या पोटाकडे पाहिलं. तोंड अजूनही पदरातच होतं, पण पाहिलं, ते मले समजलं. "तू उतर बाई. इथं नको बसू. त्याले माहीत हाय मी इथं हावो."

"कोणाले?"

"तुह्या घरवाल्याले."

कशी उतरली मी, मले आठवत नाही. पाय रस्त्याले लागले अन् मागं वळून पाहिलं...

बाक रिकामा.

तो दरवाजा तर खिळ्यांनी बंद होता. बाई जाईन कुठून?

बाकावर धूळ बसली होती. सारखी, एकसारखी. फक्त माह्या बसण्याची जागा पुसलेली.

जफर वर आला. मले रस्त्यावर उभी पाहिली अन् त्याच्या हातातला डबा सुटला. मी काहीच बोलली नव्हती अजून. तरी त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

म्हटलं, "मागची सवारी कुठं गेली?"

तो डबा उचलाले वाकला.

"कोणती सवारी घेतली होती तुम्ही? कुठून बसवली? नाव सांगा तिचं."

तो खाली बसला. रस्त्यातच.

"अनवरी, मले आरशात दिसे ती. रोज. मोटार चालू केली का मागं बसलेली. माह्याकडेच पाहे, पापणी पाडत नव्हती. दोनदा मोटार नाल्यात जाता जाता वाचली."

"कोण होय ते?"

"मारोतरावची पहिली बायको. याच मोटारीत मेली, बाळंतपणाच्या कळांत."

"तुमाले कोणी सांगतलं?"

"त्यानंच. वर्षाच्या मक्त्यावर अडून बसला, मोटार परत घेत नव्हता. म्हणे पडदा लाव, आरसा काढ, दिसणार नाही."

आता ऐका. म्हणजे पडदा आमच्यासाठी नव्हताच. आम्हाले कोणी पाहू नये म्हणून नव्हता. यानं तिले पाहू नये म्हणून होता. अन् तो म्या शिवला, रात्रभर बसून, बोटाले सुया टोचून घेऊन!

म्हटलं, "पडदा लावला ते ठीक. पण मग बाया काहून बसवल्या मागं?"

मान वर करत नव्हता तो.

"पडद्यातून बी समजे मले. मानेवर नजर लागे. बाजूले दुसरी बाई बसली का ती तिच्याकडे वळे. मग मले चालवता येई."

"अन् मले काहून बसवलं, जफर?"

पहिल्यांदा नाव घेतलं म्या त्याचं. भर रस्त्यात, तोंडावर.

तो लय हळू बोलला. पण म्या ऐकलं.

"पोटुशी बाई असली का ती एकदम शांत राहते."

या अल्ला! माह्या पोटात त्याचंच लेकरू होतं. परक्याचं नव्हतं. मारोतरावनं आपल्या बायकोले मोटारीत सोडलं अन् यानं मले आणून तिच्या बाजूले बसवलं. अन् ती, मेलेली बाई, ती मले म्हणते, उतर.

थोबाडीत मारावं वाटलं. हात उचललाच नाही.

मागून लखीरामची बैलगाडी आली, जवळच्या तांड्यावरचा म्हातारा. म्या त्याले हात केला. म्हणे, "मोटार बिघडली का बाई?" म्हटलं, "हो बाबा, बिघडली." कडब्यावर बसून अम्मीच्या दारात उतरली. जफरनं आवाज दिला नाही. मोटार मागं एकटी उभी होती अन् तो तिच्यापासून दूर, उन्हात.

नंतर ऐकलं, त्यानं ती मोटार मारोतरावच्या दारात नेऊन सोडली. मालक घेत नव्हता, तरी सोडली.

मले पोरगी झाली. धडधाकट, काळेभोर डोळे. अम्मीनं नाव ठेवलं हुस्ना.

चिल्ला झाला, म्हणजे बाळंतपणाचा सव्वा महिना सरला, अन् जफर मले घ्याले आला. बैलगाडी घेऊन. वाळला होता. अम्मीपुढं रडला, कान धरले. अम्मी म्हणे, "चूक कोणाच्या हातून होत नाही? जाय बेटा, लेकराचा बाप हाय." साऱ्या मोहल्ल्यानं समजावलं.

म्या बी मन मोठं केलं. पोरीले दुपट्यात गुंडाळलं अन् बाहेर आली.

जफर गाडीत वाकून गवत पसरून राह्यला होता. वर गोधडी टाकली, हातानं सारखी केली. मग उजव्या अंगाले एक उशी ठेवली.

मग डाव्या अंगाले एक...

म्हटलं, "दुसरी कोणासाठी?"

त्याचे हात थांबले.

"पोरीसाठी."

पोरगी तर माह्या कुशीत होती. सव्वा महिन्याची. तिले कायले उशी पाहिजे?

"जफर, माह्याकडे पाहून सांग."

त्यानं पाहिलं नाही. समोर गाडीच्या धुऱ्यावर जाऊन बसला, पाठ करून, कासरा हातात घेऊन. त्याच्या मानेवरचे केस उभे होते, एवढ्या उन्हात. म्हणे, "बस ना अनवरी. दिवस बुडाच्या आत पोचू."

म्या हुस्नाले छातीशी घट्ट धरलं अन् घरात जाऊन कडी लावली.

अम्मीनं दार वाजवलं, शेजारणी बोलल्या, मोठेमोठे लोकं येऊन गेले. मी परत गेली नाही. कधीच नाही. लोकं म्हणत, इतका गरीब नवरा, ना दारू ना मारहाण, काहून सोडला? म्या कोणाले काही सांगतलं नाही. सांगून काय सांगू?

तो जाऊन बरीच वर्षं झाली आता. त्या बाईचं पुढं काय झालं, मले माहीत नाही. तिनं मले अन् माह्या पोरीले कधी त्रास दिला नाही.

पण त्या दिवशी म्या खिडकीतून पाहिलं होतं. गाडी हळूहळू निघाली. गवत तसंच पसरलेलं, दोन उशा तशाच. डाव्या अंगाची उशी दबलेली होती. जफर समोर ताठ बसून बैल हाकत होता, अन् मोहल्ला संपेपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.