गाळलेलं हाड

ऑपरेशनची फाइल आली की मी आधी स्वतःच्या अंगावर हात ठेवून जखमेची जागा शोधते, मग हॉस्पिटलच्या बिलात त्या जागेचा कोड टाकते. बेडसोरचं असंच असतं. माकडहाडाला एक कोड, खुब्याला दुसरा, बसायच्या हाडाला तिसरा. आणि जखमेखालचं हाड काढलं असेल तर आणखी निराळा. शेजारच्या टेबलावरच्या ताई माझे कोड तपासतात. मला चाचपडताना पाहून हसतात.

“अगं, पेशंटचं बिल आहे, तुझं नाही!”

घरी आई अंथरुणाला खिळलेली. हाडं वर आलेली, “टोचतंय गं” एवढंच बोलायची. दिवसा कामाला ठेवलेल्या मावशी तिची कूस बदलायच्या, संध्याकाळपासून मी. आईला बेडसोर होऊ दिला नाही, याचा मला भारी तोरा होता.

एका बाईंची फाइल आली. बसायच्या हाडावरची जखम साफ केलेली. मी घाईत खुब्याचा कोड टाकला. घरी पोचले तर आईच्या खुब्यावर वाटीएवढी जखम. मावशी रडकुंडीला आल्या होत्या.

“सकाळी अंग पुसलं तेव्हा काही नव्हतं हो. लेकरांची शपथ!”

माझा विश्वास बसला नाही. मी त्यांना नको नको ते बोलले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी चूक पकडली, मी कोड बदलला. संध्याकाळी पट्टी सोडली. खुबा कोरा होता. जखम खाली, बसायच्या हाडावर गेली होती. मावशी भिंत धरून उभ्या राहिल्या.

जखम खोल जात राहिली, आईला ताप चढला. ऑपरेशन तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

आणि त्याच बाईंची दुसरी फाइल आली. हाड काढून, शेजारची त्वचा फिरवून जखम बंद केलेली. मी हाड गाळलं. नुसती जखम बंद केल्याचा कोड टाकला आणि घरी पळत सुटले.

आईचा ताप उतरला होता. पट्टीखाली कातडी अखंड होती, कडेने फक्त एक बारीक व्रण. मी मावशींच्या गळ्यात पडून रडले. मग आईला कुशीवर घेऊन तिथे हात लावला. आत हाड लागत होतं, टणक, ओळखीचं.

फोन वाजला. ताई होत्या.

“अगं, हाड टाकायचं राहिलं तुझं. सर्जननी स्वच्छ लिहिलंय.”

“ताई, त्याला हात लावू नका. पाया पडते तुमच्या.”

“आता काय! केलं मी दुरुस्त.”

माझा दुसरा हात अजून तिथेच होता.

बोटं आत गेली. अडवायला काहीच नव्हतं.

आईने डोळे उघडले. किती महिन्यांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

“आता टोचत नाही गं,” ती म्हणाली.